डोक्याएवढा डाग

पाहुणा दारात उभा राहून "काही करू नका हं" म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे ज्याला कळत नाही त्याने संसार मांडूच नये, असं मोठ्याबाईंचं मत होतं. मोठ्याबाईंची मतं पुष्कळ होती आणि सगळी पक्की होती. शाळेत त्या जेमतेम चार दिवस गेल्या, पण "शाळेने मला नाही सोडलं, मी शाळेला सोडलं," हे त्या अशा थाटात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, पुढे त्या शाळेचंच काही खरं राहिलं नाही.

तर अर्थ असा. "काही करू नका" म्हणजे सगळं करा. "नुसता चहा चालेल" म्हणजे पोटभर खायला घाला. "आम्ही लगेच निघणार" म्हणजे गाद्या काढून ठेवा. या हिशेबात मोठ्याबाई आजवर कधी चुकल्या नव्हत्या. म्हणजे, चुकलं असं त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

फिल्मवाली मात्र "काही करू नका" म्हणाली, आणि तिच्या मनातही खरोखर "काही करू नका" एवढंच होतं. जे मनात तेच तोंडात, अशी माणसं जगात असतात, हे मोठ्याबाईंना त्या वयात कळलं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

फिल्मवाली आली होती टकळीसाठी. टकळी म्हणजे मोठ्याबाईंची नात. सुरू झाली की थांबत नाही म्हणून घरात हे नाव पडलेलं. ही पोरगी स्पेलिंगच्या स्पर्धेत एकेक पायरी चढत थेट अंतिम स्पर्धेपर्यंत जाऊन पोचली होती. स्पर्धा अशी की पोराला मंचावर एकटं उभं करायचं, त्याच्या आजोबा-पणजोबांनीही कधी न ऐकलेला शब्द अंगावर टाकायचा, आणि त्यातली अक्षरं एकामागून एक म्हणायला लावायची. एक अक्षर चुकलं की घंटा, आणि पोर खाली. मोठ्याबाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "म्हणजे अख्खा शब्द चिरून ठेवायचा. आणि मग? शिजवायचा नाही?" पण नात जिंकायला लागल्यावर त्यांचं मत बदललं. डोकं आमच्या घराण्यातूनच आलंय, असं त्या सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात भाजीवाल्याला सांगायला लागल्या.

अशा पोरांवर एक माहितीपट निघत होता. त्यात टकळीचं घर दाखवायचं ठरलं. मोठ्याबाईंनी बोलायचे चार शब्दही पाठ केले. पण फिल्मवाली सांगितल्या वेळेच्या बरीच आधी येऊन उभी राहिली. तोकडे केस, विजारीला इतके खिसे की घरातलं सगळं सामान मावावं, आणि तरीही हातात पिशवी. तिच्या मागे एक उंच कॅमेरावाला, मुका वाटावा इतका गप्प. मोठ्याबाई त्या वेळी ढगळ गाऊनमध्ये होत्या, केसांची पिन दातांत, एक पाय बादलीत. दार उघडंच होतं. कॅमेरा सुरूच होता.

"आजी, घाबरू नका, आम्हाला असंच हवंय," फिल्मवाली म्हणाली.

"असंच म्हणजे कसंच?" मोठ्याबाईंनी विचारायला तोंड उघडलं आणि पिन बादलीत पडली. त्यांचा वासलेला आ कॅमेऱ्यात कायमचा जाऊन बसला. हा त्यांना बसलेला पहिला धक्का. पुढे धक्क्यांची रांगच लागायची होती.

मग बाहेरच्या खोलीत टकळीची तयारी टिपायचं ठरलं. सून औषधांच्या दुकानात कामाला होती. कसल्याही अक्षरातली चिठ्ठी वाचायची सवय असल्यामुळे शब्दांचं पुस्तक तिच्याकडे होतं. तिने शब्द द्यायचा, टकळीने स्टुलावर बसून समोर बघत अक्षरं म्हणायची. अक्षरं नळाच्या धारेसारखी पडत होती. मोठ्याबाई कौतुकाने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावल्या आणि हबकल्या. पडद्यावर टकळीच्या दोन वेण्या, तिच्यासमोरची रिकामी वेताची खुर्ची, आणि खुर्चीच्या वर भिंतीवर डोक्याएवढा काळपट, तेलकट डाग. सिनेमा नातीचा, आणि हिरो डाग!

हा डाग आजोबांचा. मोठ्याबाईंचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. गावाला पाणी सोडून घरी यायचे, वेताच्या खुर्चीत बसायचे, आणि भरपूर तेल घातलेलं डोकं भिंतीला टेकायचे. "भिंतीला डोकं टेकू नका" हे वाक्य मोठ्याबाईंनी संसारात नवऱ्याच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "डोकं आहे म्हणून टेकतो." पुढे ते गेले. डाग राहिला. मोठ्याबाई स्वतः जन्मात कधी कशाला टेकल्या नव्हत्या. टेकणं हे आळशांचं आणि आजाऱ्यांचं काम. त्या पाट, स्टूल, पायरी, जे असेल त्यावर ताठ बसत, आणि "थकलात का?" असं विचारणाऱ्याला असं बघत की तो स्वतःच थकून जाई.

निघताना फिल्मवाली हात जोडून म्हणाली, "उरलेलं पुढच्या आठवड्यात घेऊ. आजी, प्लीज, काही करू नका हं. खरंच काही करू नका. सगळं असंच राहू द्या."

मोठ्याबाई समजल्या. एकदा म्हटलं असतं तर चहा-बिस्किटांवर भागलं असतं. दोनदा म्हणाली, वर हातही जोडले. म्हणजे भिंत रंगवायलाच हवी.

सल्ल्यांना तोटा नव्हता. समोरच्या घरात एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता खिशात फीत घेऊन फिरायचे आणि दिसेल ते मोजायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी इमारत हवामानखातं म्हणायची, कारण कुणाच्या घरात वादळ होणार हे त्यांना त्या घराच्या आधी कळायचं. भविष्य चुकलं तरी त्यांचा आत्मविश्वास ढळत नसे.

"निळा द्या," हवामानखातं म्हणालं. "कॅमेऱ्यात माणसं बारीक दिसतात."

"माणसं बारीक दिसायला भिंत मागे सरकवावी लागेल," मोजणीदार म्हणाले आणि भिंत मोजायला लागले.

रंगारी आला. डोक्यावर कागदाची टोपी, कानाला पेन्सिल, चेहऱ्यावर मोठ्या डॉक्टरचं गांभीर्य. डागावरून बोट फिरवून म्हणाला, "वरचा नाही हा. मुरलेला आहे. नुसता रंग मारला तर चार महिन्यांत पुन्हा वर येईल. खरवडून काढावा लागेल."

"काढा," मोठ्याबाई म्हणाल्या.

तो खरवडायला लागला तेव्हा त्या आत जाऊन कांदे चिरत बसल्या. त्या दिवशी स्वयंपाकात कांदा नव्हता. चिरलेले कांदे दुसऱ्या दिवशी फेकावे लागले, पण त्याबद्दल विचारायची घरात कुणाची छाती झाली नाही.

भिंत झाली. रंगारी त्या रंगाला "पहाट" म्हणत होता, सून "खोकल्याची गोळी" म्हणत होती. आता अशा भिंतीपुढे वेताची खुर्ची कशी शोभणार? ती गॅलरीत गेली. मोजणीदारांचं पुस्तकांचं कपाट आलं, आतल्या जमीन कायद्याच्या जाडजूड पुस्तकांसकट. हवामानखात्याचा सोफा वरून खाली निघाला आणि जिन्याच्या वळणावर असा अडकला की ना वर जाईना ना खाली येईना. मोजणीदारांनी फीत काढली, सोफा मोजला, जिना मोजला, आणि निकाल दिला, "सोफा दोन बोटं जास्त आहे."

"हे आधी मोजायचं असतं हो!" मोठ्याबाई सोफ्याच्या वरच्या बाजूने ओरडल्या.

"आधी मला विचारलं कुणी?" मोजणीदार खालच्या बाजूने म्हणाले.

अर्धा दिवस सगळी इमारत सोफ्यावरून चढत-उतरत होती. दूधवाला तर त्यावर बसून चहा पिऊन गेला. शेवटी सोफ्याचे पाय कापले तेव्हा तो सुटला. घरात आल्यावर मात्र तो इतका ठेंगणा झाला होता की त्यावर बसलेल्या माणसाचे गुडघे कानाला लागायचे.

ठरल्या दिवशी फिल्मवाली आली. उंबऱ्यात थबकली, दोन पावलं मागे जाऊन दारावरचा नंबर वाचला, पुन्हा आत आली. मोठ्याबाई ठेवणीतल्या कपड्यांत ताठ उभ्या होत्या. स्तुतीची वाट बघत होत्या.

"भिंत कुठे गेली?" फिल्मवाली पुटपुटली.

"समोर आहे की."

"ही नाही. ती. ती भिंत!" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "आजी, मी काही करू नका म्हणाले होते ना?"

"म्हणालात की. दोनदा म्हणालात. म्हणून तर एवढं केलं."

तिने मोठ्या कष्टाने समजावून सांगितलं. मागच्या वेळी टकळीने शब्द सुरू केला तो हिरवट भिंतीसमोर. आज पुढचं घेतलं तर तो संपणार गुलाबी भिंतीसमोर. बघणाऱ्याला वाटेल, शब्द म्हणता म्हणता घर बदललं.

"शब्द मोठा होता म्हणावं," मोठ्याबाई म्हणाल्या. पण त्यांच्या लक्षात आलं, की आज आपल्या विनोदाला कुणी हसत नाहीये. कॅमेरावाला आजवर एक अक्षर बोलला नव्हता. तो भिंतीकडे बघून एवढंच म्हणाला, "चांगला डाग होता."

तरी पण आलोच आहोत तर घेऊ, म्हणून टकळीला स्टुलावर बसवलं. सुनेने शब्द दिला. सोपा, नेहमीचा, टकळी झोपेत म्हणेल असा. टकळीने समोर बघितलं. दोन अक्षरं आली आणि नळ बंद. सुनेने दुसरा दिला. चुकला. तिसरा दिला. तोही चुकला. टकळी गुलाबी भिंतीकडे बघत होती.

"काय झालं गं?" सुनेने पुस्तक मिटलं.

"आजोबा नाहीत."

"अगं, आजोबा तर केव्हाच..."

"तिथे होते ना!" टकळीने बोट केलं. "मी त्यांच्याकडे बघून म्हणते. पहिल्यापासून. ते होते तेव्हा पण, आणि नंतर पण. अक्षरं त्यांच्या डोक्यातून एकेक बाहेर येतात. आता तिथे कुणीच नाहीये."

 दारात उभ्या हवामानखात्यालाही हे वादळ आधी कळलं नव्हतं. मोठ्याबाईंना वाटलं, कुणीतरी आपल्या पायाखालची फरशी हळूच काढून घेतली.

"डोळ्यांनी म्हणतात होय अक्षरं?" त्या ओरडल्या. "तोंडाने म्हणायची असतात!" आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा इतका आवाज आला की जणू भांड्यांनीच काही गुन्हा केला होता. अंतिम स्पर्धा आठवड्यावर आली होती. पोरगी वर्षभर खेळायला गेली नव्हती, आणि वर्षभर जमवलेलं सगळं आजीने एका भिंतीसाठी खरवडून टाकलं होतं. थोड्या वेळाने भांडी थांबली. मोठ्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "रंगाऱ्याला बोलवा."

रंगाऱ्याने सगळं ऐकून घेतलं, कागदाची टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई, मी डाग काढतो. डाग घालत नाही. उद्या गावात कळलं तर माझ्या धंद्याची काय अब्रू राहील?"

"माझी राहिली का? बसा खाली, चहा घ्या, आणि घाला डाग."

मग डाग नेमका कुठे होता यावर वाद पेटला. जी भिंत इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती ती कुणीच नीट बघितली नव्हती. हवामानखातं म्हणालं, भोपळ्यासारखा होता. मोजणीदार म्हणाले, लंबगोल, उजवीकडे झुकता. मोठ्याबाईंच्या मुलाला, म्हणजे टकळीच्या बाबांना, गॅलरीतून आणलेल्या वेताच्या खुर्चीत नमुना म्हणून बसवलं, तर त्याचं डोकं खालीच राहिलं. "तू वडिलांपेक्षा कायम दोन बोटं कमीच," मोठ्याबाई म्हणाल्या. मुलगा पोस्टात होता, आयुष्यभर लोकांचे शिक्के सोसत आलेला. तो खुर्चीत उशी घेऊन बसला.

रंगाऱ्याचा पहिला डाग एखाद्या बेटाच्या नकाशासारखा आला. दुसरा फोडलेल्या अंड्यासारखा. तिसऱ्याला त्याने चहाची पावडर, काजळी आणि बोटांचे ठसे लावून जुनेपणा दिला. त्यात तो इतका रंगला की मागे सरकून, एक डोळा मिटून बघायला लागला. टकळीला बोलावलं. तिने बराच वेळ बघितलं आणि रंगाऱ्याला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली, "छान आहे काका. पण हे दुसरेच कुणीतरी आहेत."

"खऱ्या तेलाशिवाय नाही व्हायचं," हवामानखात्याने ठरवलं, आणि आपल्या नवऱ्याला वरून खाली आणलं. दाट केस, वर अर्धी बाटली तेल. त्याला खुर्चीत बसवून डोकं टेकायला लावलं. रंग ओला आहे हे सांगायचं रंगारी विसरला होता. तो गृहस्थ डोकं टेकून तिथेच डुलकी घेता झाला. उठायला गेला तेव्हा किंचाळला. आता भिंतीवर डाग नव्हता, केस होते.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी असता तर भिंतीवर कॅलेंडर लावून गप्प बसला असता. मोठ्याबाई मुलाला घेऊन थेट स्पर्धेच्या कार्यालयात गेल्या. त्यांनी डोकं चालवलं होतं. डाग नाही तर निदान खुर्ची तरी सभागृहात समोर ठेवू.

खिडकीतल्या साहेबांनी चष्म्यातून बघितलं. "खुर्चीत कोण बसणार?"

"कुणी नाही."

"मग खुर्ची कशाला?"

"तिच्या मागच्या डागासाठी."

"डाग कुठे आहे?"

"खरवडला."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मुलगा भिंतीवरच्या सूचना वाचायला लागला. त्याला जमीन दुभंगायला हवी होती, पण जमीन कार्यालयाची होती, अर्जाशिवाय दुभंगली नसती. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. "स्पर्धकाला दिसेल अशी कुठलीही लिखित वस्तू सभागृहात आणता येत नाही. या डागावर काही अक्षरं होती का?"

"नाही हो. डाग माझ्यासारखाच होता. एक अक्षर येत नव्हतं त्याला."

"तरीही नाही. रिकामी खुर्ची साहित्यात मोडते. माणूस बसलेला असला तर तो प्रेक्षक. आणि प्रेक्षकांनी बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, खुणा करायच्या नाहीत."

"श्वास घ्यायचा?"

"आवाज न करता," साहेब म्हणाले. ते गंमत करत नव्हते.

त्यानंतर मोठ्याबाई दोन दिवस कुणाला काही बोलल्या नाहीत. आमटीत मीठ जास्त पडलं, काही नाही. दूधवाला उशिरा आला, काही नाही. घर इतकं घाबरलं की मुलाने हळूच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, त्रास काय? मुलगा म्हणाला, "आई ओरडत नाहीये."

टकळी डोळे मिटून सराव करत होती. निम्मे शब्द यायचे, निम्मे जायचे.

स्पर्धेच्या दिवशी मोठ्याबाईंनी कपाटात अगदी मागे ठेवलेली एक बाटली काढली आणि केसांना तेल लावलं. ओघळेल इतकं लावलं. खोलीभर आजोबांचा वास सुटला. सुनेला तो ओळखू आला. तिने बघितलं, आणि दुसरीकडे बघितलं.

सभागृह प्रचंड, भिंती पांढऱ्याशुभ्र. जागोजागी पाट्या होत्या, त्या सुनेने वाचून दाखवल्या, "भिंतींना हात लावू नये." मोजणीदार आणि हवामानखातंही आलं होतं. फिल्मवाली कॅमेरा लावून एका कोपऱ्यात उभी होती. मोठ्याबाईंशी ती अजून जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

पहिल्या दोन फेऱ्या टकळीने काढल्या. तिसऱ्या फेरीत शब्द आला तो आगगाडीएवढा. टकळीने तो एकदा म्हटला. अर्थ विचारला. पुन्हा म्हटला. मग तिची नजर सभागृहभर फिरायला लागली, बाजारात हात सुटलेल्या पोरासारखी. डावीकडे, उजवीकडे, छताकडे. घंटेजवळ बसलेल्या माणसाने हात उचलून तयार ठेवला.

मोठ्याबाई उठल्या.

"आई, खाली बस, हलायचं नाही!" मुलगा कुजबुजला. त्या चालत राहिल्या. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने थेट मागच्या भिंतीपर्यंत गेल्या. मंचाच्या बरोबर समोर जिथे दिवा होता तिथे वळल्या. आणि मग त्यांनी जे केलं ते बघून सुनेने तोंडावर हात घेतला. त्यांनी पाठ सैल सोडली. हनुवटी जराशी वर केली, तोंड जरासं उघडं ठेवलं, आणि आपलं तेलाने थबथबलेलं डोकं त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला टेकलं.

"उंची चुकली," मोजणीदार श्वास रोखून म्हणाले, "पण कोन बरोबर आहे."

टकळीने बघितलं. आधी तिचे डोळेच विस्फारले. आजी आणि टेकलेली! घाबरायचंही ती विसरून गेली. मग ओठ हलले. एक अक्षर आलं, दुसरं आलं, आणि नळ सुटला. अख्खी गाडी डब्यामागून डबा फलाटाला लागली. घंटा वाजली नाही.

टाळ्या वाजल्या, आणि त्या विरायच्या आत एका मुलाचे वडील उभे राहिले. "त्या बाईंनी खूण केली! मी बघितलं! हा शब्द धरू नका!"

स्पर्धा थांबली. खिडकीतले साहेब नियमांचं पुस्तक घेऊन धावत आले. मोठ्याबाईंना मंचाजवळ नेलं. परीक्षक बाई मऊ आवाजाच्या होत्या, पण नजर कडक. "आजी, तुम्ही मुलीला काही सांगितलंत?"

"मला एक अक्षर येत नाही. सांगणार काय?"

"हातवारे केलेत?"

"हात खालीच होते."

"मग जागा सोडून मागे का गेलात?" साहेबांनी विचारलं. "नियमात टेकण्याबद्दल काही नाही, पण कारण लागेल. वयस्कर माणूस थकून भिंतीला टेकलं असेल तर ती खूण होत नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजी, तुम्ही थकला होतात का?"

वयस्कर हा शब्द मोठ्याबाईंच्या कानशिलावर बसला. सबंध सभागृह बघत होतं. हवामानखातं बघत होतं, म्हणजे सबंध इमारत बघत होती. कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर आला होता. मुलाला आईचा चेहरा माहीत होता. आता ही साहेबांना दोन शब्द सुनावणार आणि टकळी घरी जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. त्याने डोळे मिटले.

मोठ्याबाईंनी मंचाकडे बघितलं. टकळी दोन्ही हातांनी आपली वेणी धरून उभी होती.

"थकले होते," मोठ्याबाई म्हणाल्या.

"जरा मोठ्याने सांगता?"

"थकले होते हो! केव्हाची!"

मुलाने डोळे उघडले. सून रडत होती की हसत होती, ते तिलाच कळत नव्हतं. शब्द धरला गेला.

टकळी पुढे दोन फेऱ्या टिकली आणि तिचा चौथा नंबर आला. शेवटच्या शब्दाला तिने कुणाकडे बघितलंच नाही, आपल्या मनाने म्हटला आणि चुकली. खाली येऊन म्हणाली, "आजी, तो मला येतच नव्हता. आजोबांनाही आला नसता." तिसऱ्या दिवशी सभागृहाच्या व्यवस्थापकांचं पत्र आलं. मागच्या भिंतीवर डोक्याच्या आकाराचा तेलकट डाग आढळून आला असून त्याबद्दल लेखी खुलासा करावा. मुलाने खुलासा केला. रंगारी तिकडे जाऊन डाग बघून आला आणि म्हणाला, "हा खरा. असा मला नसता जमला."

माहितीपट दाखवला तेव्हा मोठ्याबाईंनी अख्खी इमारत नेली. आपले पाठ केलेले चार शब्द येतील म्हणून त्या पुढे सरसावून बसल्या. ते आलेच नाहीत. आली ती बादली, पिन आणि वासलेला आ. गुलाबी भिंत, बुटका सोफा, कायद्याची पुस्तकं, सगळं कापलेलं. हिरवट भिंतीवरचा डाग मात्र एवढा मोठा, एवढा वेळ, की अंधारात कुणीतरी हुंदका दिला. आणि शेवटी पडदाभर त्यांचा स्वतःचा चेहरा, आणि सभागृह दणाणून सोडणारा त्यांचा स्वतःचा आवाज, "थकले होते हो! केव्हाची!" सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मोठ्याबाई ताठ बसून सरळ समोर बघत होत्या.

बाहेर फिल्मवालीने भीत भीत विचारलं, "आजी, कशी वाटली?"

"भिंत बरी आली आहे," मोठ्याबाई म्हणाल्या. "घरी या एकदा. काही करणार नाही मी."

त्याच संध्याकाळी त्यांनी वेताची खुर्ची पुन्हा गुलाबी भिंतीशी लावली. हवामानखात्याच्या नवऱ्याचे केस चिकटले होते, बरोबर त्याच जागी. टकळी स्टुलावर बसली, सुनेने नवं पुस्तक उघडलं. मोठ्याबाई खुर्चीत बसल्या, आधी ताठ, मग जराशा कमी ताठ. मग त्यांनी डोकं मागे नेलं.

मुलगा पेपर वाचत होता. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप सुटलं, "भिंतीला डोकं टेकू नका." आणि आपण कुणाला काय बोललो हे कळून तो जागीच थिजला. सुनेचं बोट शब्दावरच राहिलं.

मोठ्याबाईंनी डोळेही उघडले नाहीत.

"डोकं आहे म्हणून टेकते," त्या म्हणाल्या. "तू शब्द घे गं."

टकळीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "आजी, थोडंसं डावीकडे."

मोठ्याबाई डावीकडे सरकल्या.